आजी आठवडाभर जंगलात नव्हत्या

बेलारूसला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींचं बेलारूसी भाषेवाचून काही अडत नाही, हे आधीच सांगून टाकते. शिकवणं इंग्रजीत नाहीतर रशियनमध्ये, दुकानात रशियन, बसमध्ये रशियन, आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातली भांडणं आपापल्या मातृभाषेत. 1990 साली कायद्याने बेलारूसी ही देशाची एकमेव राज्यभाषा झाली. 1995च्या सार्वमतानंतर रशियनला तिच्या बरोबरीचं स्थान मिळालं. 2019च्या जनगणनेत निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी बेलारूसी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, पण घरात तीच बोलतो म्हणणारे निघाले सुमारे 26 टक्के.

मी पोलंडच्या सीमेजवळच्या ग्रोदनो शहरात शिकले. बेलारूसीत त्याला ह्रोदना म्हणतात. दरवर्षी लातूर-नांदेडकडचं कुणी ना कुणी तिकडे निघतं आणि फोन करतं, ‘ताई, सामान काय काय नेऊ?’ लोणच्याची आणि कुकरची यादी घरच्यांनी केलेलीच असते. मी त्यांना वार पाठ करून जायला सांगते, आणि तेही रशियन नव्हे, बेलारूसी. रशियन तुम्हाला शिकवतीलच, त्यासाठी फीच भरलेली असते. बेलारूसी वार कुणी शिकवत नाही, आणि पेशंट मात्र तेच बोलतात.

1. आधी रविवार शिका. बाकीचे सहा वार मागून आले तरी चालतील.

रविवारला बेलारूसीत ‘न्याद्झेल्या’ म्हणतात. रशियनमध्ये जवळजवळ असाच शब्द आहे, ‘निद्येल्या’, आणि त्याचा अर्थ आठवडा. सगळी गोम इथे आहे.

उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं. जुलैचा महिना होता आणि वार मंगळवार. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या एक आजी खेड्यातून आल्या होत्या. गुडघ्याच्या मागे लाल ठिपका. डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत त्यांनी ती गोचीड जपून आणली होती, कापसावर ठेवून. आमच्या गटातल्या एका मुलाने हिस्टरी घ्यायला सुरुवात केली. गोचीड कुठे चावली? आजी म्हणाल्या, ‘याव न्याद्झेल्यू बिलाव लेसे.’ मी रविवारी जंगलात होते. पिवळी अळंबी वेचायला गेल्या होत्या त्या, ‘लिसिच्की’ म्हणतात तिला. मुलाने कागदावर लिहिलं, रुग्ण एक आठवडा जंगलात.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि आजींना त्यांच्याच बोलीत विचारलं, ‘आठवडाभर जंगलात? मग खाल्लंत काय?’ आजी पोट धरून हसल्या. आम्हीही हसलो, जरा उशिरा.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. तिकडच्या जंगलांतल्या गोचिडींमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. गोचीड चावल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा प्रतिबंधक डोस दिला तर त्याचा उपयोग होतो. रविवारी चावली असेल तर मंगळवारी हातात अजून एक दिवस आहे. आठवड्यापूर्वी चावली असेल तर ती वेळ टळली, आता नुसतं लक्ष ठेवायचं आणि पुरळ उठतं का बघायचं. एका शब्दावर औषध द्यायचं की नाही ते ठरत होतं. त्या दिवसापासून आमच्या गटात एक नियमच झाला. वार ऐकला की लगेच तारीख विचारायची, ‘याकोहा चिस्ला?’ आकड्यात घोटाळा कमी होतो.

2. रविवारचा अर्थ समजला की सोमवार आपोआप येतो.

‘न्याद्झेल्या’ म्हणजे काही न करण्याचा दिवस. ‘न्या’ हा नकार आणि पुढे करणे. त्यानंतर येतो ‘पान्याद्झेलाक’, म्हणजे न करण्याच्या दिवसानंतरचा दिवस. रविवार गेला, आता उठा आणि कामाला लागा, एवढंच सोमवारचं नाव सांगतं. आपल्याकडे सोमाला चंद्र आहे, महादेव आहे, उपास आहे. तिकडच्या सोमवारला स्वतःचं काही नाही.

रशियननेही सोमवार तसाच ठेवला, ‘पानिद्येल्निक’. मात्र ज्याच्यावरून तो आला त्या शब्दाचा त्यांनी आठवडा केला आणि रविवारला पुनरुत्थानाचं नाव दिलं, ‘वास्क्रेसेन्ये’. युक्रेनियन, पोलिश, चेक या शेजारच्या भाषांत तो जुना शब्द आजही रविवारच आहे. म्हणजे या आळीत वेगळं वागणारी रशियन आहे, आणि आम्ही शिकून गेलो होतो नेमकी तीच.

3. वार मोजत जा.

‘आउतोराक’ दुसरा, ‘चात्स्व्येर’ चौथा, ‘प्यात्नित्सा’ पाचवा. मोजणी सोमवारपासून. चौथ्यात आपला चार आणि पाचव्यात आपला पाच कानाला चटकन सापडतो. भाषांचं लांबचं नातं आहे ते, त्याचा फायदा घ्यायला लाजायचं कारण नाही. ‘सुबोता’ हा ज्यूंच्या सब्बाथवरून आलेला, शनीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे तेल-मीठ न घेण्याच्या आपल्या हिशेबाला तिकडे आधार मिळत नाही.

राहिला बुधवार, ‘सेरादा’, म्हणजे मधला. सोमवारपासून मोजलं तर सातातला मधला गुरुवार येतो. बुधवार मधला ठरायला मोजणी रविवारपासून हवी. एकाच आठवड्यात दोन हिशेब नांदतायत आणि कुणाची तक्रार नाही. एका वर्गमैत्रिणीला मी हे विचारलं तर ती म्हणाली, शाळेपासून बोलतोय, मोजून कुणी पाहिलंय.

4. आठवडा म्हणजे ‘तिद्झेन’, आणि आठवडा म्हणजे आठ दिवस नव्हेत.

हे मराठी माणसासाठी खास आहे. ‘तिद्झेन’ची फोड तो-दिवस अशी आहे. तोच वार फिरून आला की एक तिद्झेन झाला. आपला आठवडा मात्र आठावर उभा आहे, कारण आपण दोन्ही टोकं धरून मोजतो. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत आठ. म्हणून आपण सहज म्हणतो, ‘आठ दिवसांनी या.’ दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो आणि कुणाला चौदा की पंधरा असा प्रश्न पडत नाही.

हेच तिकडे शब्दाला शब्द लावून बोललात तर समोरचा माणूस खरोखर आठ दिवस मोजतो. सोमवारी सांगितलंत तर तो पुढच्या मंगळवारी येतो. टाके काढायला, ड्रेसिंगला, रक्त द्यायला बोलावताना आमच्यातल्या मराठी मुलांकडून हे हमखास व्हायचं, तेलुगू आणि तमिळ मुलं त्यावरून आम्हाला चिडवायची. उपाय सोपा आहे. दिवस मोजूच नका. ‘प्राझ तिद्झेन’ म्हणा, एका आठवड्याने. ‘प्राझ द्वा तिद्नी’, दोन आठवड्यांनी. आणि ‘पंधरा दिवस’ विमानात बसतानाच घरी ठेवून या.

5. उच्चाराला घाबरू नका, मराठीने अर्धं काम करून ठेवलंय.

‘चात्स्व्येर’ या शब्दात दोन वेगवेगळे च आहेत. पहिला चहातला च, दुसरा चोरातला च. आपण दोन्ही दिवसभर वापरतो, फक्त लिहिताना एकच अक्षर काढतो. बेलारूसीत दोघांना स्वतंत्र अक्षरं आहेत. तसंच ज चं. दिवसाला ‘द्झेन’ म्हणतात. त्यातला पहिला आवाज काढायचा तर ‘जाड’मधला ज घ्यायचा आणि त्याला किंचित य चिकटवायचा. रशियनमध्ये जिथे मऊ द असतो तिथे बेलारूसीत हा आवाज येतो, म्हणून कान या आवाजावर ठेवला की समोरचा कोणती भाषा बोलतोय ते पहिल्या वाक्यात कळतं. उत्तरेकडच्या हिंदीभाषक मित्रांना हे दोन आवाज जमवायला फार कष्ट पडले. आम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात मिरवून घेतलं.

मराठीत नसलेली एकच गोष्ट मुद्दाम शिकावी लागते, ती म्हणजे अर्धा उ. ‘आउतोराक’मधला दुसरा आवाज, ‘झाउत्रा’ म्हणजे उद्या, त्यातलाही तोच. धड उ नाही, धड व नाही. लिहिताना त्यांच्या उ या अक्षरावर एक चंद्रकोर काढतात, आपल्या ‘बॅट’वर असते अगदी तशी. बेलारूसी लोकांचा या अक्षरावर इतका जीव आहे की पोलत्स्क शहरात 2003 साली त्याचं स्मारक उभं केलं. 1517 साली प्रागमध्ये आपल्या भाषेतलं पहिलं पुस्तक छापणारा फ्रान्सिस्क स्कारिना याच पोलत्स्कचा. अक्षराला पुतळ्याचा मान मिळावा हे मला अजूनही फार आवडतं.

याच अर्ध्या उ मुळे तो जंगलातला घोळ झाला होता. ‘रविवारी’ म्हणायचं तर वाराच्या आधी ‘उ’ लावतात. पण त्याआधीचा शब्द स्वराने संपत असेल तर हा उ अर्धा होतो आणि मागच्या शब्दाला जाऊन चिकटतो. आजी ‘या उ न्याद्झेल्यू’ असं सुटंसुटं म्हणाल्याच नाहीत. त्या म्हणाल्या ‘याव न्याद्झेल्यू’. रशियन शिकलेल्या कानाला उ ऐकूच आला नाही, उरलं फक्त ‘निद्येल्यू’, एक आठवडा.

6. वार बदलतात.

मराठीत सगळे वार पुल्लिंगी, आणि सगळ्यांना एकच नियम. सोमवार, सोमवारी. मंगळवार, मंगळवारी. बेलारूसीत सोमवार, मंगळवार आणि गुरुवार पुरुष आहेत. बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार बायका. ‘अमुक वारी’ म्हणताना पुरुष जागचे हलत नाहीत, ‘उ पान्याद्झेलाक’, ‘उ चात्स्व्येर’. बायका शेपूट बदलतात, ‘सेरादू’, ‘प्यात्नित्सू’, ‘सुबोतू’, ‘न्याद्झेल्यू’.

पासून-पर्यंत लावायला गेलं की पुरुषही हलतात. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत म्हणजे ‘आद पान्याद्झेल्का दा प्यात्नित्सी’. सगळ्यात खोडकर गुरुवार. एरवी ‘चात्स्व्येर’, आणि गुरुवारपर्यंत म्हणताना एकदम ‘दा चात्स्व्यारहा’. तो ‘ह’ कुठून उपटला असं वाटतं. तो रशियन गुरुवारात एरवीही उभा असतो, बेलारूसीत फक्त गरज पडली की बाहेर येतो. तक्ते पाठ करण्यापेक्षा दुकानांच्या आणि संग्रहालयांच्या दारावरच्या वेळा वाचा. ‘आद’ आणि ‘दा’ तिथे रोज फुकटात भेटतात. ‘विहाद्नी’ म्हणजे सुट्टीचा वार, हा शब्दही तिथलाच.

‘दा’बद्दल एक सूचना. गुरुवारपर्यंत द्या, यात गुरुवार धरलाय का? आपण मराठीत धरतो. तिकडे तो वादाचा विषय आहे, कागदपत्रं जमा करताना तर हमखास. म्हणून लोक पुढे ‘उक्ल्युच्ना’ जोडतात, म्हणजे धरून. कुणी जोडलं नाही तर आपण विचारायचं. मी रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर, वाचनालयात, अगदी शिंप्याकडेही विचारायचे.

7. संक्षेप.

सातांपैकी चार वारांचे दोन अक्षरी संक्षेप दोन्ही भाषांत सारखेच आहेत. वेगळे तीन, मंगळवार, गुरुवार आणि रविवार. पाटीवर तेवढे तीन पाहिले की पाटी कोणत्या भाषेतली ते कळतं. एवढंच.

8. खेड्यातल्या माणसाची बोली सुधारायला जाऊ नका.

पुस्तकातली बेलारूसी बोलणारे मला कवितेच्या कार्यक्रमांत भेटले, संग्रहालयात भेटले. वॉर्डात भेटले ते तिसरंच काही बोलणारे. रशियन आणि बेलारूसी यांच्या मिश्रणाला तिकडे ‘त्रास्यान्का’ म्हणतात. मूळ अर्थ, चांगलं गवत कमी पडलं म्हणून त्यात पेंढा मिसळून केलेली वैरण. शब्दात हेटाळणी आहे ती आहेच. ग्रोदनोकडची म्हातारी माणसं स्वतःच्या बोलीला त्रास्यान्का म्हणत नाहीत. ती म्हणतात, आम्ही ‘पा प्रोस्तू’ बोलतो, साधं बोलतो.

या साध्या बोलीत मोठी अडचण अशी की पहिल्या मुद्द्यातला नियमही दर वेळी चालत नाही. आयुष्यभर रशियन रेडिओ ऐकलेले आजोबा ‘न्याद्झेल्या’ म्हणतील आणि त्यांच्या मनात आठवडा असेल. शेजारच्या खाटेवरचे तोच शब्द रविवारसाठी वापरतील. मी एक खूण शोधली होती, ती बऱ्याचदा कामाला यायची. दोन म्हणताना ‘द्वा तिद्नी’ ऐकू आलं तर ते आठवडे, यात शंका नाही. ‘द्झ्वे न्याद्झेली’ ऐकू आलं तर पुस्तकाप्रमाणे ते दोन रविवार, पण माणूस कोण आहे ते बघून ठरवा. आणि ठरत नसेल तर सरळ दुसरा प्रश्न टाका. त्या दिवशी चर्चला गेला होतात का? बाजार भरला होता का? मुलगा शहरातून आला होता का? माणसाला तारीख आठवत नाही, पण त्या दिवशी घरी कोण आलं होतं ते आठवतं. हा प्रश्न मी अजूनही रोज विचारते, आता मराठीत. डेंग्यूच्या पेशंटचा ताप कितव्या दिवशी आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि नातेवाईक म्हणतात, ‘झाले की आठ-पंधरा दिवस.’

9. काल, आज, उद्या, परवा.

‘उचोरा’, ‘स्योन्न्या’, ‘झाउत्रा’. हे तीन एका दुपारचं काम. परवाला थांबा. आपला एकच परवा मागेही जातो आणि पुढेही, क्रियापदाने सांभाळून घेतलं तर घेतलं. तिकडे दोन वेगळे शब्द आहेत, गेलेला ‘पाझाउचोरा’ आणि येणारा ‘पास्ल्याझाउत्रा’. लांबलचक आहेत, पण फोड केली की सरळ आहेत, कालच्या मागचा आणि उद्याच्या नंतरचा.

10. दिवस दोन प्रकारचे असतात.

‘द्झेन’ म्हणजे उजेडाचा दिवस, आणि पंचांगातला दिवससुद्धा. पण पूर्ण चोवीस तास म्हणायचे असतील तर वेगळा शब्द आहे, ‘सुत्की’. रशियनमध्येही तोच. आपल्याकडे अहोरात्र आहे खरा, पण तो आपण कामाच्या बढाया मारायला वापरतो, औषधाच्या चिठ्ठीत नाही. तिकडे ड्युटी सुत्कीत मोजतात, लघवीचं प्रमाण सुत्कीत मोजतात, गोळ्यांचा डोस सुत्कीत लिहितात. डिसेंबरात ग्रोदनोला सूर्य जेमतेम साडेसात तास वर असतो. अशा ठिकाणी उजेडाचा दिवस आणि घड्याळाचा दिवस वेगळा ठेवलेला बरा, हे पहिल्याच हिवाळ्यात पटतं.

11. महिने रस्त्यावर शिका.

रशियनने महिन्यांची नावं लॅटिनमधून घेतली, आपण इंग्रजीतून घेतली. बेलारूसीत मे सोडला तर बहुतेक नावं शेतातून आणि झाडांवरून आलेली. मार्च ‘साकाविक’, झाडांत रस चढतो तो महिना. जुलै ‘लिपेन’, लिंडेनचा, आणि खरंच त्या दिवसांत रस्ते त्या फुलांच्या वासाने भरून जातात. ऑगस्ट ‘झ्निवेन’, कापणीचा. नोव्हेंबर ‘लिस्तापाद’, पानगळीचा. डिसेंबर ‘स्नेझान’, बर्फाचा. आपल्या चैत्र-वैशाखासारखी ती आकाशातल्या नक्षत्रांवर टांगलेली नाहीत, खिडकीतून बघून पडताळता येतात.

मिन्स्कला गेलात तर मेट्रोतून फिरा. 1984 साली सुरू झालेल्या या मेट्रोतल्या घोषणा बेलारूसीत होतात. दारं बंद होताना ‘आस्त्स्यारोझ्ना’ म्हणजे सांभाळून, आणि मग पुढच्या स्टेशनचं नाव. त्यातल्या ‘कास्त्रिच्नित्स्काया’ स्टेशनात ऑक्टोबर आहे, ‘पेर्शामाइस्काया’त एक मे. पुण्यात शनिवारातून शुक्रवारात आणि तिथून बुधवारात चालत जाणाऱ्या माणसाला ऑक्टोबरला उतरून गाडी बदलणं अवघड वाटू नये.

12. चर्चच्या दारावरचा फलक वाचा, धर्म कोणताही असो.

ग्रोदनोच्या मुख्य चौकात जुनं जेझुइट चर्च आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचं, म्हणजे ज्यांचे अवशेष जुन्या गोव्याला बॉम जेझूसमध्ये आहेत तेच. आमच्यातल्या एका गोवेकर मुलीला हे कळलं त्या दिवसापासून तिला ते शहर परकं वाटेनासं झालं. तिच्यासोबत मी तिथे जायचे. या भागात पोलिश बोलणारे कॅथलिक बरेच आहेत, त्यामुळे प्रार्थनांच्या वेळा पोलिशमध्येही असायच्या. पोलिश ‘न्येजेला’ आणि बेलारूसी ‘न्याद्झेल्या’ शेजारीशेजारी, दोन्ही रविवारच, आणि खाली सर्वांत लांब यादी त्याच वाराची. माझ्या डोक्यातला रशियन आठवडा हळूहळू पुसायला त्या फलकाने जेवढी मदत केली तेवढी कोणत्या पुस्तकाने केली नाही.

तिथेच सणांचे वार कळले. ईस्टरला ‘व्यालिकद्झेन’ म्हणतात, थोरला दिवस. ईस्टरच्या आधीचा रविवार, ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाच्या आधीचा मस्लेनित्साचा धिरड्यांचा आठवडा, पवित्र आठवड्यातला घर झाडूनपुसून घेण्याचा गुरुवार, प्रत्येकाला स्वतःचं काम नेमून दिलंय. नुसता ‘चात्स्व्येर’ विसरला जाईल. सकाळी सहाला हॉस्टेलच्या दारावरच्या आजी तुमच्या खोलीबाहेर बादली ठेवून ओरडल्या, तो गुरुवार विसरता येत नाही.

13. शनिवार नेहमी शनिवार नसतो.

ऑर्थोडॉक्स ईस्टरनंतर नवव्या दिवशी ‘रादाउनित्सा’ येते, पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याचा दिवस. ती कायम मंगळवारीच येते आणि त्या दिवशी देशभर सरकारी सुट्टी असते. घरोघरची माणसं अन्न बांधून गावाकडच्या दफनभूमीत जातात, रस्ते भरून वाहतात. मंगळवारी सुट्टी म्हटल्यावर मधला सोमवार लोंबकळतो. अशा वेळी सरकार तो सोमवार सुट्टीचा करतं आणि त्याच्या बदल्यात एखादा शनिवार कामाचा ठरवतं. कोणता वार कुठे हलवला याचा निर्णय मंत्रिमंडळ काढतं. शिवाय एप्रिलमध्ये ‘सुबोतनिक’ असतो, नावातच शनिवार असलेला श्रमदानाचा दिवस. झाडू, रंगाचे डबे, रोपं, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही बोलावणं. नाताळ मात्र दोन, 25 डिसेंबरचा कॅथलिक आणि 7 जानेवारीचा ऑर्थोडॉक्स, दोन्ही दिवशी सुट्टी.

म्हणून तिकडे पोहोचलात की एक बेलारूसी कॅलेंडर विकत घ्या, रोज एक पान फाडायचं असतं तसलं. वाराचं नाव त्यावर अक्षरी छापलेलं असतं आणि रविवारचं पान लाल. ते स्वयंपाकघरात लावा, म्हणजे फाडायच्या निमित्ताने सगळ्यांचे वार पाठ होतील. आणि हलवलेल्या शनिवारांची त्या वर्षीची यादी हॉस्टेलच्या कचेरीतून मागून त्याच्या शेजारी चिकटवा. घरी यायच्या विमानाचं तिकीट त्याआधी काढू नका.